वहीत लिहिलेली माणसे

सन १८५९, मार्च महिन्याची २ आणि ३ तारीख. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात सव्हाना नावाचे बंदर आहे. त्या शहराबाहेर, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, दोन दिवस एक लिलाव चालला होता. बाहेर पावसाची झड लागली होती आणि छपराखाली जमलेल्या खरेदीदारांच्या हाती एक छापील यादी होती. यादी मोठी नेटकी होती. अनुक्रमांक, नाव, वय आणि कामातील कसब. कोण भातशेतीत तयार, कोण कापसाच्या कामात, कोण सुतारकामात. एकूण नोंदी ४३६. त्यांपैकी ४२९ विकल्या गेल्या आणि ३,०३,८५० डॉलर जमा झाले. हिशेब चोख होता. यादीतील प्रत्येक नोंद मात्र एका माणसाची होती.

३१९ क्रमांकाची नोंद म्हणजे जेफ्री नावाचा तेवीस वर्षांचा तरुण. १,३१० डॉलरला तो विकला गेला. नव्या मालकापाशी तो कळवळून विनवू लागला, की जिच्याशी मी लग्न करणार आहे त्या डॉर्कसलाही आपण विकत घ्यावे. ती उत्तम कामकरी आहे, आपले पैसे वाया जाणार नाहीत. डॉर्कसचा क्रमांक २७८ होता. मालकाने चौकशी केली, तेव्हा कळले की ती चार माणसांच्या एका कुटुंबाबरोबर एकत्रच विकली जाणार आहे, सुटी मिळणार नाही. चौघांची त्याला गरज नव्हती. व्यवहार जमला नाही आणि त्या दोघांची ताटातूट झाली. न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राचा बातमीदार खरेदीदाराच्या मिषाने तेथे वावरत होता, म्हणून ही हकिगत आज आपल्याला ठाऊक आहे.

या माणसांचे मालक पीअर्स बटलर हे फिलाडेल्फियाचे प्रतिष्ठित गृहस्थ होते. जुगारात आणि शेअरांच्या सट्ट्यात ते बुडाले, देणेकऱ्याची वेळ आली आणि देणी फेडण्यासाठी मालमत्ता विक्रीस काढावी लागली. मालमत्ता विकून देणे चुकते करणे हे सचोटीच्या व्यापाऱ्याचे कर्तव्य, असे आपणही मानतो. बटलर यांनी तेच केले. कायद्याने त्यांना कोणी दोष दिला नाही आणि वहीत एका पैचाही फरक पडला नाही.

त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत तो देश आपसांत लढू लागला. अमेरिकेचे यादवी युद्ध म्हणून इतिहासात प्रसिद्ध असलेला हा संग्राम १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे चालला. त्याची कारणे आणि परिणाम आज पाहावयाचे आहेत. आपण व्यापारी घरांतील माणसे. रणांगणाच्या वर्णनापेक्षा हिशेबाची भाषा आपल्याला लवकर उमगते. आणि हे युद्ध मुळात एका हिशेबातूनच उद्भवले होते.

रकमेच्या जागी माणूस

१६१९ मध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर, पॉइंट कंफर्ट येथे, आफ्रिकेतून धरून आणलेली वीसएक माणसे उतरविली गेली आणि धान्य-सामग्रीच्या बदल्यात दिली गेली. पुढे दीड शतकात तंबाखू, भात आणि निळीचे मळे अशाच माणसांच्या श्रमांवर उभे राहिले. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व मानव समान असल्याचे घोषित झाले. परंतु तो मसुदा लिहिणारे थॉमस जेफर्सन यांच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. १७८७ च्या राज्यघटनेत 'गुलाम' हा शब्द कोठेही आला नाही, पण गुलामगिरीची व्यवस्था मात्र तीन ठिकाणी झाली. लोकप्रतिनिधींची संख्या ठरविताना गुलामांची तीन-पंचमांश गणना करावी. १८०८ पूर्वी त्यांच्या आयातीवर बंदी घालू नये. आणि पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडल्यास तो मालकास परत करावा. यांपैकी शेवटचे कलम ज्यांनी सुचविले ते दक्षिण कॅरोलायनाचे प्रतिनिधी मेजर पीअर्स बटलर. सव्हानाच्या लिलावातील बटलर हे त्यांचेच नातू. आजोबांनी कायद्यात लिहिलेली मालमत्ता नातवाने बाजारात विकली.

त्या पिढीतील अनेकांना वाटत असे, की ही प्रथा हळूहळू आपोआप मावळेल. मग १७९३ मध्ये इलाय व्हिटनी यांनी सरकी वेगळी करण्याचे यंत्र बनविले. आखूड धाग्याच्या कापसातून हाताने सरकी काढावयाची तर एका माणसाचा दिवस सुमारे एका पौंड रुईत संपत असे. यंत्राने तेच काम पन्नास पौंडांपर्यंत जाऊ लागले. श्रम वाचविणाऱ्या यंत्राने गुलामांचे श्रम कमी व्हावेत, अशी अपेक्षा सहज होते. घडले उलटे. सरकी काढणे सोपे झाले, पण लागवड, खुरपणी आणि वेचणी माणसांच्या हातांनीच होत होती. पीक जितके वाढवावे तितके हात हवे झाले. १७९० मध्ये काही हजार गाठींवर असलेले उत्पादन १८६० पर्यंत जवळपास ४० लाख गाठींवर गेले आणि गुलामांची संख्या सुमारे ७ लाखांवरून साडेएकोणचाळीस लाखांवर पोहोचली. आफ्रिकेतून आयात बंद झाल्यावर देशांतर्गत व्यापार फोफावला. व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून सुमारे १० लाख माणसे कापसाच्या नव्या मुलखात नेली गेली. पुष्कळांना आईपासून, पतीपासून, लेकरांपासून तोडूनच नेले गेले.

बटलर यांच्या मळ्यावरील जीवनाचे एक प्रत्यक्ष चित्र त्यांच्या पत्नी, इंग्रज अभिनेत्री फॅनी केंबल, यांच्या रोजनिशीत आढळते. १८३८-३९ च्या हिवाळ्यात त्या तेथे राहिल्या होत्या. मळ्यावरील स्त्रिया त्यांच्याकडे गाऱ्हाणे घेऊन येत. बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी शेतावर जावे लागते, ती मुदत चार आठवड्यांची करून मिळावी, एवढीच त्यांची याचना होती. केंबल यांनी शब्द टाकला, पण पतीला ते रुचले नाही. पुढे त्या दोघांचा घटस्फोट झाला आणि ती रोजनिशी १८६३ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, प्रसिद्ध झाली.

आता भांडवलाचा विचार करू. १८६० च्या सुमारास अमेरिकेतील गुलामांचे बाजारमूल्य तीनशे कोटी डॉलरांच्या पुढे होते. देशातील सर्व रेल्वे आणि सर्व कारखाने मिळून जेवढे भांडवल गुंतले होते, त्याहून ही रक्कम मोठी असल्याचा इतिहासकारांचा अंदाज आहे. गुलाम तारण ठेवून कर्ज मिळे, त्यांचा विमा उतरविला जाई, मुलीच्या लग्नात ते आंदण दिले जात. प्रत्यक्ष मालक होते चार लाखांच्या आत. पण त्या कापसावर जगणारे कितीतरी होते. देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा कापसाचा होता. तो वाहून नेणारी जहाजे, त्यावर उचल देणाऱ्या पेढ्या आणि विमा कंपन्या बहुतांशी उत्तरेकडील न्यूयॉर्कच्या होत्या. म्हणूनच जानेवारी १८६१ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर फर्नांडो वुड यांनी, दक्षिणेशी व्यापार टिकविण्यासाठी आपले शहरही संघराज्यातून वेगळे व्हावे, असे उघडपणे सुचविले. पाप एकट्या दक्षिणेचे आणि पुण्य एकट्या उत्तरेचे, अशी विभागणी या इतिहासात करता येत नाही.

तडजोडींची चाळीस वर्षे

उत्तरेकडील राज्यांनी आपापल्या सीमेत गुलामगिरी क्रमाक्रमाने बंद केली होती. वाद पेटला तो पश्चिमेकडील नव्या मुलखावरून. तेथे गुलाम नेता येतील की नाही, यावर कापसाच्या विस्ताराचे आणि कायदेमंडळातील बहुमताचे भवितव्य अवलंबून होते. १८२० मध्ये एक अक्षांश रेषा आखून तडजोड झाली. १८५० मध्ये दुसरी तडजोड झाली आणि तिच्यासोबत एक कठोर कायदा आला. पळालेला गुलाम पकडून देण्यात स्वतंत्र राज्यांतील नागरिकांनाही हातभार लावावा लागेल, असे त्याने ठरविले. ज्यांनी आजवर डोळे मिटून घेतले होते त्यांच्या दारात आता पाठलाग येऊन ठेपला. १८५२ मध्ये हॅरिएट बीचर स्टो यांची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी आली आणि घरोघर वाचली गेली. १८५४ मध्ये कॅन्सस आणि नेब्रास्का येथील रहिवाशांनीच काय ते ठरवावे असा कायदा होताच कॅन्ससमध्ये रक्त सांडले. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कृष्णवर्णीय मनुष्य अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही आणि नव्या मुलखात गुलामगिरीला बंदी करण्याचा अधिकार कायदेमंडळाला नाही. १८५९ मध्ये जॉन ब्राउन यांनी हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारावर हल्ला केला आणि ते फाशी गेले.

नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. अस्तित्वात असलेली गुलामगिरी मोडावी असे त्यांनी म्हटले नव्हते, केवळ ती आणखी पसरू नये एवढाच त्यांचा आग्रह होता. दक्षिणेला तेवढेही मानवले नाही. २० डिसेंबर १८६० रोजी दक्षिण कॅरोलायना संघराज्यातून बाहेर पडले, मागोमाग आणखी सहा राज्ये निघाली आणि १२ एप्रिल १८६१ रोजी फोर्ट सम्टरवर पहिला तोफगोळा पडला. त्यानंतर आणखी चार राज्ये त्यांना मिळाली.

हे युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झाले, गुलामगिरी निमित्तमात्र होती, असे पुढे पुष्कळांनी लिहिले. परंतु त्या राज्यांनी स्वतःच दिलेली कारणे उपलब्ध आहेत. मिसिसिपी राज्याने आपल्या घोषणेत, आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे एकरूप आहे आणि ती जगातील सर्वांत मोठी भौतिक मत्ता आहे, असे निःसंकोच सांगितले. शिवाय १८५० च्या कायद्याने उत्तरेकडील राज्यांचे हक्क तुडविले गेले, तेव्हा हीच राज्ये त्या कायद्याची पुरस्कर्ती होती.

अर्ध्या दिवसाचा खर्च

लिंकन वकील म्हणून प्रसिद्ध आहेत. तत्पूर्वी ते दुकानदार होते हे कमी लोकांना माहीत असते. इलिनॉयमधील न्यू सेलम या खेड्यात त्यांनी भागीदारीत दुकान चालविले. दुकान बुडाले आणि भागीदार विल्यम बेरी वारले. भागीदाराच्या वाट्याचे देणेही लिंकन यांनी स्वतःच्या शिरावर घेतले आणि वर्षानुवर्षे कमावून ते फेडले. देणे म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

मार्च १८६२ मध्ये त्यांनी एक प्रस्ताव मांडला. जी गुलामधारी राज्ये संघराज्यात राहिली होती त्यांनी क्रमाने गुलाम मुक्त करावेत आणि मालकांना सरकारने मोबदला द्यावा. हे पटविण्यासाठी त्यांनी एका सिनेटरला पत्रातून हिशेबच मांडून दाखविला. डेलावेअरमध्ये गुलाम १,७९८. माणशी ४०० डॉलर धरले तर ७,१९,२०० डॉलर. युद्धाचा रोजचा खर्च २० लाख डॉलर. म्हणजे डेलावेअरचा प्रश्न युद्धाच्या अर्ध्या दिवसाहूनही कमी खर्चात सुटतो. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी, मिसूरी आणि राजधानीचा जिल्हा मिळून ४,३२,६२२ गुलाम. त्यांचा मोबदला १७,३०,४८,८०० डॉलर, म्हणजे सत्त्याऐंशी दिवसांच्या युद्धखर्चाहूनही कमी.

राजधानीच्या जिल्ह्यात त्याच वर्षी मोबदला देऊन मुक्ती झाली. राज्यांनी मात्र नकार दिला. माल आपला आहे, भाव चढता आहे, आज विकण्याची घाई कशाला, असा तो विचार होता. डेलावेअर आणि केंटकी अखेरपर्यंत अडून बसले, आणि डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलाम मुक्त झाले तेव्हा तेथील मालकांच्या हाती एक डॉलरही आला नाही. या प्रस्तावातील एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटू नये. मोबदला मालकाला मिळणार होता. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या विनावेतन राबून ती संपत्ती निर्माण केली, त्यांच्या नावे कोणतीही रक्कम त्या हिशेबात धरलेली नव्हती. लिंकनसारख्या न्यायी पुरुषाच्या वहीतही तो रकाना कोरा राहिला.

युद्ध सत्त्याऐंशी दिवसांत आटोपले नाही. ते चार वर्षे चालले. सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले आणि त्यांतील बहुसंख्य गोळीने नव्हे, रोगाने गेले. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी बंडखोर राज्यांतील गुलाम मुक्त झाल्याची घोषणा केली. पण त्याआधीच गुलामांनी स्वतःच्या सुटकेचा मार्ग धरला होता. मे १८६१ मध्ये तीन गुलाम रात्री होडीतून फोर्ट मन्‌रो या उत्तरेच्या ठाण्यात आले. मालकाने त्यांना परत मागितले, तेव्हा तेथील सेनापतीने उत्तर दिले, की ही जर तुमची मालमत्ता असेल आणि तुम्ही ती आमच्याविरुद्ध युद्धात वापरीत असाल, तर शत्रूचा माल म्हणून आम्ही ती जप्त करतो. ज्या शब्दाने त्यांना बांधले होते, त्याच शब्दाने त्यांची दोरी कापली. हे ठाणे पॉइंट कंफर्ट येथेच आहे, जेथे १६१९ मध्ये पहिली माणसे उतरविली गेली होती. त्या तिघांमागून लाखो आले. सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सेनेत लढले. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती ली यांनी शरणागती पत्करली, आणि पाच दिवसांनी लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली.

मुक्ती मिळाली, भांडवल मिळाले नाही

तेराव्या घटनादुरुस्तीने (१८६५) गुलामगिरी संपली, चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) नागरिकत्व दिले आणि पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार दिला. सुमारे ४० लाख माणसे स्वतंत्र झाली. त्यांनी सर्वांत आधी काय केले? आपली माणसे शोधली. वर्तमानपत्रांतून जाहिराती येऊ लागल्या: माझी आई अमुक गावी विकली गेली होती, माझ्या मुलाचे नाव अमुक, कोणास ठावठिकाणा माहीत असल्यास कळवावे. अशा जाहिराती कित्येक दशके छापल्या जात होत्या.

दुसरी ओढ जमिनीची होती. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना सल्ल्यासाठी बोलाविले. स्थळ होते तेच सव्हाना. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर हे सदुसष्ट वर्षांचे वृद्ध बोलले. आठ वर्षांपूर्वी सोन्या-चांदीच्या नाण्यांत हजार डॉलर मोजून त्यांनी स्वतःला आणि पत्नीला विकत घेऊन मोकळे केले होते. तुम्हांला स्वतःच्या पायांवर उभे राहण्यास काय हवे, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले: जमीन, ती आम्ही कसू आणि पुढे विकतही घेऊ. चार दिवसांनी शर्मन यांनी किनारपट्टीवरील जमीन चाळीस-चाळीस एकरांनी त्यांना वाटण्याचा हुकूम काढला. हजारो कुटुंबे नांगर धरून उभी राहिली. त्याच वर्षीच्या शरदात नवे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तो निर्णय फिरविला आणि बहुतेक जमीन जुन्या मालकांकडे परत गेली.

मग उरला एकच मार्ग: त्याच जमिनी बटाईने कसणे. बियाणे, अवजारे, पीठ-मीठ दुकानदाराकडून उधार घ्यावयाचे आणि तारण म्हणून उभे पीक लिहून द्यावयाचे. रोखीचा भाव वेगळा, उधारीचा त्याहून चढा. वही दुकानदाराची, अक्षरओळख नसलेला गिऱ्हाईक, आणि वर्षअखेरीस बाकी नेहमी गिऱ्हाइकाच्याच नावे. जे थोडे साठले ते मुक्त गुलामांसाठी काढलेल्या बचत बँकेत ठेवले गेले. १८७४ मध्ये ती बँक बुडाली आणि साठ हजारांहून अधिक ठेवीदारांचे सुमारे ३० लाख डॉलर अडकले. १८७७ मध्ये उत्तरेने दक्षिणेतून आपल्या सैन्याचा आधार काढून घेतला. मताधिकार कागदावर राहिला. तो प्रत्यक्षात मिळण्यास १९६५ चा कायदा यावा लागला. मालकाचे खाते युद्धाने बंद केले. श्रमिकाचे खाते उघडण्यास आणखी शंभर वर्षे गेली.

मुंबईच्या वह्या

या युद्धाची एक शाखा आपल्या दारापर्यंत आली होती. युद्धापूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन-चतुर्थांश अमेरिकेतून येत असे. दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. १८६२ च्या अखेरीस तेथील सुमारे पाच लाख माणसे मदतीच्या अन्नावर जगत होती. दक्षिणेला मान्यता द्या, कापूस सुरू होईल, असे अनेक व्यापारी म्हणत होते. कामगारांतही सर्वांचे मत एक नव्हते. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून लिंकन यांना पत्र धाडले, की गुलामांच्या मुक्तीसाठी आमचा तुम्हांला पाठिंबा आहे. घरात चूल पेटत नसताना दिलेला तो पाठिंबा होता. लिंकन यांनी कृतज्ञतेने उत्तर लिहिले.

मुंबईत मात्र त्याच काळात सोन्याचा पाऊस पडत होता. खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाला न भूतो असा भाव आला. गाद्यांतील कापूस उपसून विकल्याच्या आठवणी त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवल्या आहेत. चार वर्षांत सात कोटी पौंडांहून अधिक जास्तीचा पैसा मुंबईत आल्याचा अंदाज आहे. बँका, कंपन्या, समुद्र बुजविण्याच्या योजना निघाल्या. बॅकबे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० रुपयांच्या घरात गेला. या सर्व उलाढालीच्या मध्यभागी आपल्याच समाजातील सुरतचे शेठ प्रेमचंद रायचंद होते. युद्ध संपल्याची वार्ता आली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस मुंबईच्या दिवाळखोरीचा दिवस ठरला. प्रेमचंद शेठही बुडाले, पण मोडले नाहीत. त्यांनी व्यवसाय पुन्हा उभारला. तेजीच्या काळात त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून आईच्या नावाचा राजाबाई मनोरा उभा राहिला. तो पाहताना आपला ऊर भरून येतो, आणि ते योग्यच आहे. त्याचबरोबर, त्या काळच्या संपत्तीत सातासमुद्रापलीकडील युद्धाने चढविलेल्या भावाचा वाटा होता, ही नोंदही आपण ठेवावी.

तेजीत गावोगाव सढळ उधारी झाली. मंदीत वसुलीचा तगादा सुरू झाला. त्यात सरकारी साऱ्याची वाढ आणि धान्याच्या पडत्या भावांची भर पडली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी उठले आणि ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत पसरले. रोख होता मारवाडी आणि गुजराती सावकारांवर. त्यांनी माणसे फारशी मारली नाहीत; दस्तऐवज आणि वह्या हिसकावून जाळल्या. त्या सावकारांत आपलेही पूर्वज असतील. सुप्याची वही आणि सव्हानाची यादी एकच होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. कर्ज देणे म्हणजे माणूस विकत घेणे नव्हे, आणि अडीनडीला धान्य-पैसा पुरविणारा तोच सावकार होता. तरी बटाईदाराच्या त्या वहीशी सुप्याच्या वहीचे साम्य नाकारता येत नाही. १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना कर्जाचा मागचा सर्व इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. वहीत लिहिलेली बाकी हाच अंतिम शब्द नव्हे, हे आपल्याकडेही कायद्याला सांगावे लागले.

त्याआधी दोन वर्षे, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस तो अर्पण केला. दूरच्या युद्धाचा भाव मुंबईच्या बाजाराने ओळखला. त्याचा अर्थ जोतीरावांनी ओळखला.

श्रावकाने कोणते पंधरा व्यवसाय करू नयेत, हे आपल्या आचारग्रंथांत सांगितले आहे. त्यांतील एकाचे नाव केशवाणिज्य. हे नाव ऐकून केसांचा व्यापार एवढेच मनात येते; पण आचार्यांनी त्याचा अर्थ दोन पायांच्या आणि चार पायांच्या जिवांचा, म्हणजे दासदासी आणि जनावरांचा, क्रयविक्रय असा स्पष्ट केला आहे. नफा कितीही होवो, काही माल असा आहे की जो वहीत चढताच कामा नये, हे त्यांनी व्यापाऱ्यासाठीच लिहून ठेवले.

आज माणसांचा लिलाव होत नाही. वेठबिगारीवर आपल्या देशात १९७६ पासून कायद्याने बंदी आहे. परंतु उचल देऊन बांधून घेतलेले मजूर, वीटभट्टीवर आईबापांबरोबर राबणारी मुले, हप्त्यामागून हप्ता भरूनही न फिटणारी बाकी, या गोष्टी आपल्या कानांवर येतच असतात. एखादा माल आपल्याला बाजारभावाहून फार स्वस्त पडतो, तेव्हा खरेदीच्या आनंदात आपण क्वचितच विचारतो, की याच्या मजुरीच्या रकान्यात काय लिहिले असेल. सव्हानाच्या खरेदीदारांनीही विचारले नव्हते. त्यांना फक्त क्रमांक आणि किंमत हवी होती.

दिवाळीला वहीपूजन करताना पहिल्या पानावर आपण 'शुभ' आधी लिहितो आणि 'लाभ' नंतर. यंदा ती दोन अक्षरे लिहून झाल्यावर घरातील मुलांना जवळ बसवून जेफ्री आणि डॉर्कस यांची हकिगत अवश्य सांगावी.